दुखणं अंगावर काढण्याआधी : हॉस्पिटलात काम करणाऱ्यांसाठी सेन्सर, पट्टे आणि स्प्लिंट वापरण्याची सुरुवात

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये संध्याकाळी सातनंतर येणाऱ्यांत हॉस्पिटलातली माणसं बरीच असतात. सकाळची ड्यूटी आटोपून आलेल्या सिस्टर, पॅथॉलॉजी लॅबमधले टेक्निशियन, दातांचे डॉक्टर, सोनोग्राफी करणारे डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना ‘कधीपासून दुखतंय?’ विचारणारी ही मंडळी स्वतःचं दुखणं मात्र सहा-सहा महिने अंगावर काढतात. मग एक दिवस सलाईन लटकवायला हात वर जात नाही, किंवा ट्यूबचं झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की ट्यूब हातातून सुटते.

हल्ली यातले काही जण येतानाच विचारतात, ‘मॅडम, ते पाठीला लावायचं सेन्सर घेऊ का? वाकलं की थरथरतं म्हणे.’ घ्या, जरूर घ्या. पण कुठलं घ्यायचं, कुठे लावायचं आणि त्यातून काय वाचायचं हे आधी कळलं पाहिजे. ते न कळता घेतलेलं उपकरण पंधरा दिवसांत कपाटात जातं आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं, हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून ज्यांनी यातलं काहीच कधी वापरलेलं नाही, त्यांच्यासाठी पायरीपायरीने लिहिते.

पहिली पायरी : आधी वही

सात दिवस एका छोट्या वहीत फक्त तीन गोष्टी लिहा. किती वाजता दुखलं, कुठे दुखलं, तेव्हा हातात काय काम होतं. ‘दुपारी १२, उजवा अंगठा, सॅम्पल लावताना’ एवढं पुरे. ड्यूटीबाहेरचंही लिहा. डोंबिवलीहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जाणारी सिस्टर दोन गाड्यांत खांद्याला बॅग आणि वर कडीला हात अशी उभी असते. घरी गेल्यावर पोळ्या, बादल्या, मुलांना उचलणं असतं. खांद्याला हे सगळं एकाच खात्यात जमा होतं.

या वहीत पुढच्या गोष्टी दिसल्या, तर उपकरणाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं, तर मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दाबली जात असू शकते. यालाच कार्पल टनेल म्हणतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला झुकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी चमक निघत असेल, तर ते डी क्वेर्व्हेनचं दुखणं असण्याची शक्यता आहे. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जननी १८९५मध्ये ते वर्णन केलं आणि आज लॅबमध्ये दिवसभर पिपेट (द्रव मोजून उचलायची नळी) वापरणाऱ्यांत, तान्ह्या बाळांच्या आयांत आणि आम्हा फिजिओंतही ते भेटतं. पकड सुटणं, हातातून वस्तू पडणं, मानेतून हातात वीज गेल्यासारखी कळ जाणं, यांना सेन्सर काहीही करू शकत नाही. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तो खांदा समजू नका, थेट कॅज्युअल्टीत जा. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनीच ते ‘ड्यूटीचं दुखणं’ म्हणून सोडून दिल्याचं मी ऐकलंय, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी पायरी : हे यंत्र काय बघतं, काय बघत नाही

पाठीला, दंडाला किंवा मानेला लावायच्या सेन्सरमध्ये मुख्यतः दोन भाग असतात. एक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. तुम्ही सरळ उभे असताना ती दिशा कुठे होती आणि आता कुठे आहे, यावरून तो किती अंश वाकलात ते सांगतो. जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो, त्यामुळे चालताना-हलताना होणारी गफलत कमी होते. तुमच्या मोबाइलमध्येही बहुधा हेच भाग असतात.

यातली एक मेख मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. तुम्ही ताठ बसून मान फक्त डावीकडे वळवलीत, तर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत काही फरक पडत नाही. म्हणजे निव्वळ वाकण्यावर बेतलेल्या सेन्सरला ते पिळणं दिसतच नाही. सोनोग्राफीत उजवा हात पेशंटच्या पोटावर आणि नजर बाजूच्या स्क्रीनवर अशी मान तासन्‌तास वळलेली असते, आणि ॲप मात्र ‘छान बसलात’ म्हणून हिरवा टिळा लावतं. त्या टिळ्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरं, जोर दिसत नाही. सोनोग्राफीत पेशंटच्या अंगावर फिरवायचा प्रोब किती घट्ट धरलाय, पिपेटचं बटण अंगठ्याने किती दाबताय, दात काढताना पकडीवर किती ताकद लागतेय, हे कोन मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही. त्यासाठी स्नायूंची विद्युत हालचाल टिपणारे ईएमजी सेन्सर लागतात; ते मुख्यतः संशोधनात आणि आमच्यासारख्यांच्या तपासणीत वापरले जातात, रोजच्या ड्यूटीला सोयीचे नाहीत. साधं स्मार्टवॉच पावलं आणि नाडी मोजतं. मान, खांदा, कंबर कशी होती हे त्याला माहीत नसतं.

पैसे घालण्याआधी फुकटात चव घ्यायची असेल, तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स नावाचं ॲप आहे. त्यात झुकाव मोजण्याची सोय आहे. धावणारे लोक दंडाला बांधतात तसल्या पट्ट्यात मोबाइल घालून घरी अर्धा तास भांडी घासा, पोळ्या लाटा, मुलाची वही तपासा. रेघ वरखाली कशी होते ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं सोपं जातं.

तिसरी पायरी : आपलं काम बघून जागा ठरवा

वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी पाठीचा सेन्सर उपयोगी. तो दोन खांद्यांच्या मध्ये, मानेच्या मोठ्या मणक्याच्या जरा खाली लावायचा. मावशी आणि मामांनाही तोच. लादी पुसणं, स्ट्रेचर ढकलणं, पेशंटला बेडवरून सरकवणं हे सगळं त्यांच्याच कमरेवर असतं आणि अशी काही योजना निघाली की यादीतून पहिली त्यांचीच नावं गळतात. तुमच्या वॉर्डात दोनच सेन्सर येणार असतील, तर एक मावशींना द्या.

सोनोग्राफी करणाऱ्यांनी दंडाचा सेन्सर घ्यावा. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे प्रोब पात्र डॉक्टरांच्याच हातात असतो. परदेशातला सल्ला बहुधा तंत्रज्ञांना उद्देशून असतो, म्हणून डॉक्टरांना तो आपल्यासाठी नाही असं वाटतं. खांदा तोच आहे. दंड शरीरापासून ३० अंशांपेक्षा जास्त बाजूला जाऊ नये, हा त्या कामातला सर्वमान्य नियम, आणि दंडावरचा सेन्सर नेमकं हेच चांगलं मोजतो.

दातांच्या डॉक्टरांना आणि ऑपरेशन थिएटरमधल्यांना मान महत्त्वाची. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोंचं असतं. मान पुढे झुकली की ते धरून ठेवायला मागच्या स्नायूंना सतत ओढून राहावं लागतं. त्यांच्यासाठी लूप, म्हणजे चष्म्यावरचं भिंग, हीसुद्धा अंगावर घालायची वस्तूच आहे. लूप घेताना किती पट मोठं दिसतं एवढंच बघू नका, भिंगाचा खालचा झुकाव किती आहे ते विचारा. झुकाव कमी असेल तर तो मान झुकवूनच भरून काढावा लागतो.

लॅबवाल्यांना मी खरं सांगते, तुमच्या अंगठ्यासाठी आज बाजारात फार काही नाही. तुमचे पैसे हलक्या बटणाच्या पिपेटवर आणि योग्य मापाच्या ग्लोव्हजवर जास्त चांगले खर्च होतील. दोन्ही हातांना चालणारे, मापाला घट्ट ग्लोव्हज दिवसभर अंगठ्याला मागे ओढत राहतात.

आणि घरी जाऊन सॅम्पल घेणारी मुलं! घोडबंदर रोडवर एका टॉवरमधून दुसऱ्या टॉवरमध्ये स्कूटरने फिरतात, पाठीवर बॅग, आणि पेशंट खोल सोफ्यात रुतून बसलेला. ही मुलं गुडघ्यावर नाहीतर कंबरेत वाकून रक्त काढतात. सेन्सर न लावताही सांगता येईल असा उपाय म्हणजे ‘काका, जेवणाच्या टेबलाशी बसता का, हात टेबलावर ठेवा’ एवढं एक वाक्य. बहुतेक लोक आनंदाने उठतात.

चौथी पायरी : कुठे लावायचं नाही

मनगटावर नाही. हात धुण्याच्या नियमांप्रमाणे पेशंटजवळ काम करताना कोपराखाली घड्याळ, बांगडी, अंगठी, बँड काही नसावं, कारण त्याखालची त्वचा नीट धुतली जात नाही. तेच फिटनेस बँडलाही लागू.

एमआरआयच्या खोलीत तर कुठलंच उपकरण नाही. तिथला चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन चालू नसतानाही. पाठीला कपड्याखाली लावलेला छोटा सेन्सर माणूस विसरतो, म्हणून एमआरआयला पेशंट घेऊन जाणाऱ्यांनी तो वॉर्डातच काढून ठेवायची सवय लावावी. काही सेन्सर चुंबकाच्या क्लिपने अडकतात. ज्यांना स्वतःला पेसमेकर आहे त्यांनी तसले घेऊ नयेत.

आपल्या हवेत चिकटपट्टीचा प्रश्न मोठा आहे. मे महिन्यात ठाण्याच्या दमटपणात दोन तासांत पट्टी सरकते आणि खाली पुरळ उठतं. गळ्यात माळेसारखा अडकवायचा किंवा बनियनच्या खिशात बसणारा प्रकार बरा पडतो. दर ड्यूटीनंतर ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसायचा आणि एकाचा दुसऱ्याने तसाच घालायचा नाही.

पाचवी पायरी : पहिला आठवडा थरथर बंद

सगळे नेमके इथेच चुकतात. डबा उघडला की थरथर चालू करतात आणि दिवसभर ‘सरळ हो, सरळ हो’ ऐकून तिसऱ्या दिवशी वैतागतात. पहिला आठवडा सेन्सरने फक्त नोंद ठेवायची आहे. रोज ड्यूटी सुरू होताना भिंतीला टेकून, टाचा-पाठ-डोकं एका रेषेत ठेवून शून्य ठरवा. चहानंतर पुन्हा एकदा, कारण तोवर तो सरकलेला असतो. आठवड्यातला एक सुट्टीचा दिवसही घाला. त्याशिवाय ड्यूटीचा वाटा किती आणि घर-प्रवासाचा किती हे वेगळं काढता येत नाही.

आठवड्याने आलेख उघडलात की ॲप पहिल्यांदा सरासरी दाखवेल आणि ‘आज तुम्ही इतक्या वेळा वाकलात’ म्हणेल. ते दोन्ही सोडा. वाकणं वाईट नाही, माणूस वाकण्यासाठीच घडलाय. तुम्ही शोधायचं ते सलग वाकून राहिलेला सर्वांत लांब तुकडा आणि त्याची वेळ. मग त्या वेळेला वही उघडा.

कोनांचा अंदाज हवा असेल तर रूला ही, शरीराची ठेवण बघून गुण द्यायची पद्धत धरा; गुण जितके जास्त, तितका ताण जास्त. मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी ती १९९३मध्ये मांडली आणि आजही ती वापरात आहे. तिच्यात मान १० अंशांपर्यंत झुकली तर ठीक, १०च्या आणि मग २०च्या पुढे गेली की गुण चढतात. कंबर २० अंशांच्या पुढे आणि मग ६०च्या पुढे, दंड २०, ४५ आणि ९० अंशांच्या पुढे, मनगट १५ अंशांच्या पुढे गेलं की तसंच.

एक उदाहरण सांगते. वॉर्डातल्या एका सिस्टरची कंबर दुखायची. तिची खात्री होती की पेशंट उचलूनच हे झालंय. मलाही तसंच वाटत होतं. आठवड्याचा आलेख आम्ही दोघींनी माझ्या टेबलावर बघितला. पेशंट उचलण्याच्या वेळा म्हणजे टोकदार सुळके, वर जाऊन लगेच खाली. पण रोज अकरा ते पावणेबाराच्या सुमाराला एक सपाट पठार होतं, तीस-पस्तीस अंशांवर, जवळजवळ न हलणारं. ती बघतच राहिली. ‘तेव्हा मी कुणालाच उचलत नाही मॅडम. तेव्हा मी फायली लिहिते.’ राउंड झाला की डॉक्टर नर्सिंग स्टेशनच्या खुर्च्यांवर बसलेले असत, म्हणून ती औषधांच्या ट्रॉलीवर फाइल ठेवून उभ्याने लिहायची. ट्रॉलीची उंची मांडीच्या वर जेमतेम. दुसऱ्या दिवशी तिने सलाईनचं एक रिकामं खोकं ट्रॉलीवर उलटं ठेवलं आणि त्यावर लिहून बघितलं. पठार निम्म्यावर आलं. मग मेट्रननी सनमायका लावलेला, पुसता येणारा तिरका लाकडी डेस्क करून घेतला. आता तिन्ही शिफ्टच्या सिस्टर तो वापरतात. सेन्सर मात्र एकीनेच लावला होता.

सहावी पायरी : एका वेळी एकच बदल

पठार सापडलं की त्या वेळेची एक वस्तू बदला आणि आणखी एक आठवडा मोजा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बेडच्या पायथ्याशी दुमडून ठेवलेलं हँडल बाहेर काढा आणि सुई लावण्याआधी बेड वर घ्या. वेळ जातो, पण कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची सलाईनची नळीही पहिल्या फटक्यात बसते. स्टुलाची उंची बदला. सोनोग्राफीत पेशंटला टेबलाच्या कडेला सरकायला सांगा, कोपराखाली गुंडाळलेली चादर ठेवा, प्रोबच्या वायरचं वजन मनगटावर लटकत असेल तर ती दंडाला पट्ट्याने अडकवा, आणि स्क्रीन समोर ओढा. शेवटची गोष्ट सेन्सरला दिसणार नाही, तुमच्या मानेला दिसेल.

पेशंट उचलण्याबाबत अमेरिकेतल्या निऑश या, कामाच्या जागेवरच्या आरोग्य-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सूत्रावरून काढलेली मर्यादा ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो आहे, तीही परिस्थिती अनुकूल असेल तर. मोठ्या माणसाचा एक पाय धरून ठेवला तरी त्याच्या जवळपास पोचायला होतं. त्यामुळे सरकवायची चादर आणि दुसरा माणूस याला पर्याय नाही, कुठलंही यंत्र लावलं तरी.

सातवी पायरी : आता थरथर चालू करा, पण थोडे दिवस

वस्तू बदलून झाल्या, तरी सवय उरतेच. तेवढ्यासाठी थरथर. कोन तुमच्या पठारापेक्षा थोडा खाली ठेवा आणि वाकून तीस सेकंद तरी गेल्यावरच सूचना येईल असं ठरवा. लगेच थरथरणारा सेन्सर खाली पडलेलं पेन उचलतानाही ओरडेल. आवाज बंदच ठेवा, वॉर्डात मॉनिटरचे आवाज आधीच पुरेसे आहेत.

एक नियम मोडू नका : हातात सुई, ब्लेड किंवा पेशंटच्या तोंडात दात कोरायचा हँडपीस असताना थरथर बंद. अचानक पाठीत काही वळवळलं की हात दचकतो, आणि सुई टोचण्याची जोखीम पाठदुखीपेक्षा मोठी आहे. ज्या सेन्सरला हाताने न चाचपता थांबवता येत नाही, तो हॉस्पिटलच्या कामाचा नाही.

दोन-तीन आठवडे झाले की थरथर बंद करा. ती कायम चालू ठेवली तर शरीर ऐकेनासं होतं.

स्प्लिंट, कंबरपट्टा आणि मोठे सांगाडे

मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे सांधा हलू न देणारा कडक आधार, कार्पल टनेलमध्ये रात्री घालावा, मनगट सरळ ठेवून. दिवसा कामात कडक स्प्लिंट घातला तर मनगट वळत नाही, म्हणून कोपर आणि खांदा वळतो आणि दुखणं वरच्या मजल्यावर जातं. शिवाय हात धुण्याचा प्रश्न आहेच. कंबरपट्टा दुखण्याच्या दिवसांत आधार देतो. दुखू नये म्हणून रोज घालण्याचा मी सल्ला देत नाही.

एक्झोस्केलेटन, म्हणजे अंगावर चढवायचे सांगाडे, आता ऐकू येऊ लागलेत. हॉस्पिटलसाठीचे बहुतेक बिनमोटरचे असतात. वाकताना स्प्रिंग ताणली जाते आणि उठताना ती मदत करते, किंवा वर धरलेल्या दंडाखाली आधार राहतो. कोविडच्या काळात फ्रान्समधल्या नान्सीच्या रुग्णालयात आयसीयूतल्या पेशंटना पालथं करताना असे सांगाडे वापरून बघितले गेले. काम ठरलेलं, तेच-तेच आणि बराच वेळचं असेल तिथे ते शोभतात. दर पाच मिनिटांनी वेगळं काम करणाऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला ते चढवण्या-उतरवण्यातच दमवतील, आणि आपल्या उकाड्यात छातीवरचे पट्टे सोसवत नाहीत. स्वतःच्या पैशाने घेऊ नका. हॉस्पिटल आणणार असेल तर तुमच्या मापाचा आहे का हे तासभर घालून, जिना चढून, खाली बसून बघा.

नोंद कुणाची?

हॉस्पिटलने सेन्सर दिले तर सही करण्याआधी विचारा : नोंद कुणाच्या मोबाइलवर जाते, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, मी नाही म्हटलं तर काय? वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आपल्याकडे आहे आणि संमती समजून-उमजून द्यायची असते. कोण किती वेळ बसलं हे मोजायला कुणी हे यंत्र वापरू लागलं, तर दुसऱ्या दिवशी सगळे ते काढून ठेवतील, आणि ते बरोबरच करतील. मेट्रनना दाखवताना माणसाचं नाव नको, वॉर्डाची वेळ दाखवा : अकरा ते पावणेबारा, लिहायला जागा नाही. सुट्टीच्या दिवसाचा आलेख मात्र कुणालाच देऊ नका. ‘हे तर घरकामाने होतंय’ म्हणायला तो फार सोयीचा पडतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा चार दिवस सेन्सर लावा, थरथर बंद ठेवून, आणि पहिल्या आठवड्याच्या आलेखाशेजारी ठेवून बघा. वहीतली पहिली सात पानंही तेव्हा सोबत घेऊन या. पठार गेलंय पण दुखणं तसंच आहे, असं दिसलं तर पुढच्या तपासणीला तिथून सुरुवात करता येते.